जुना ओटा का तुटला हे आधी शोधलं : अमळनेर तालुक्यातल्या एका स्वयंपाकघराचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमळनेर तालुक्यातलं एक गाव. काळ्या मातीवर उभं असलेलं, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं पक्क्या विटांचं घर. घरधनी निवृत्त शिक्षक, गाव त्यांना अण्णा म्हणतं. स्वयंपाकघराची सत्ता मावशींकडे. मुलगा आणि सून पुण्याला, सणावाराला येणारे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत. घरदुरुस्तीच्या कामांवर देखरेख करणं हा माझा व्यवसाय, आणि हे काम मी सुरुवातीपासून पाहिलं.

स्वयंपाकघर दहा बाय नऊ फुटांचं. काटकोनात वळलेला कडप्प्याचा ओटा. मागच्या, म्हणजे बाहेरच्या भिंतीलगत खिडकीखाली सात फूट आणि आतल्या भिंतीलगत पाच फूट. उंची सगळीकडे सारखी, ३३ इंच. घर बांधलं तेव्हा भांडी मोरीत घासली जायची. सिंक नंतर बसवलं. त्यासाठी जागेवरच ग्राइंडरने चौकोन कापला होता आणि चारही कोपरे अगदी टोकदार सोडले होते. पुढच्या बाजूला जेमतेम दोन इंचांची पट्टी उरली होती.

आपल्याकडचा ओटा काय सोसतो हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत. कळण्याची भाकरी इथे रोज थापली जाते. शेवभाजीच्या काळ्या मसाल्यासाठी खलबत्ता दणादण चालतो. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजवलेलं मोठं पातेलं याच ओट्यावर उतरतं. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मांड्यांचं खापर तापतं. तेल, हळद, चिंच आणि लिंबू तर बारा महिने.

अडचण

सिंकच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेला तडा कडप्पा ओलांडून पुढच्या कडेपर्यंत आला होता. त्यातून पाणी खालच्या कपाटात झिरपायचं. फळ्यांना उदई, म्हणजे वाळवी, लागली होती, दारं फुगून बसली होती. अण्णांनी तडा दोनदा पांढऱ्या सिमेंटने बुजवला, दोन्ही वेळा पावसाळ्यात तो पुन्हा उघडला. अखाजीच्या आत काम व्हावं अशी घराची इच्छा होती, आणि अखाजी फार लांब नव्हती.

मी गेलो तेव्हा प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. गावातले मिस्त्री म्हणाले, कडप्पा कच्चाच, ग्रॅनाइट टाका, विषय संपला. मुलाने फोनवर पांढऱ्या क्वार्ट्जचे फोटो पाठवले होते. अण्णांना खलबत्त्याचा दोष वाटत होता. मावशींचं गाऱ्हाणं वेगळंच होतं : "मनी पाठ दुखस, भाऊ. माले ओटा ठेंगना पायजे." दगड बदलण्याच्या गडबडीत त्यांचं म्हणणं मागे पडलं होतं.

कारणाचा शोध

तडा दोनदा पावसाळ्यातच उघडला, ही गोष्ट मला अडली. खलबत्त्याने तुटलेला दगड ऋतू पाहून उघडत नाही.

मग ओट्याऐवजी भिंत पाहायला सुरुवात केली. खिडकीच्या कोपऱ्यातून वर जाणारी, पायऱ्यापायऱ्यांनी विटांच्या सांध्यातून सरकलेली फट प्लास्टरवर दिसत होती. खिडकीचं झडप पावसाळ्यात घासतं आणि मार्चनंतर मोकळं होतं, हे मावशींनी विचारल्यावर सांगितलं. बाहेर गेलो. सिंकचा पाइप भिंतीतून निघून ज्या चेंबरमध्ये पडायचा, त्याच्या तोंडाशीच तो सांध्यातून सुटला होता. सांडपाणी गटारात न जाता पायाशेजारी मुरत होतं. भर उन्हाळ्यात आजूबाजूची जमीन हात जाईल एवढी भेगाळलेली, आणि चेंबरभोवतीचा पट्टा मात्र ओला, त्यावर हिरवं गवत.

काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. सगळा पाया एकसारखा ओला झाला किंवा एकसारखा वाळला तर घर सहसा सोसतं. एक टोक कायम ओलं आणि बाकीचं ४४-४५ अंशांच्या उन्हात वाळलेलं, अशी स्थिती झाली की भिंतीचा एक भाग उचलला जातो, दुसरा बसतो.

आता ओट्याचं कोडं सुटलं. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे कडप्प्याची मागची कड भिंतीत दीड-दोन इंच खाच मारून घुसवली होती. पुढची कड विटांच्या पायांवर, आणि ते पाय घरातल्या फरशीवर. म्हणजे एकाच दगडाची एक कड हलत्या भिंतीत अडकलेली आणि दुसरी स्थिर जमिनीवर टेकलेली. पाण्याची लेव्हल पाइप लावून पाहिली तर सिंककडचं मागचं टोक दुसऱ्या टोकापेक्षा जवळपास तीन सूत वर होतं (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दगड पिळला गेला, आणि जिथे तो सगळ्यात अरुंद होता, म्हणजे सिंकच्या कापाशी, तिथे तुटला. टोकदार कोपऱ्याने तड्याला सुरुवातीची जागा दिली.

इथे ग्रॅनाइट असता तर उशिरा तुटला असता, पण तुटलाच असता. हे पटवायला वेळ लागला. मिस्त्री जुने, हाताने उत्तम, आणि भिंतीत न घुसवलेला ओटा त्यांना कच्चं काम वाटत होतं. मी त्यांना लेव्हल पाइपचं एक टोक धरायला दिलं. पाणी त्यांनी स्वतः पाहिलं, मग ते पुढे काही बोलले नाहीत.

तोललेले पर्याय

सगळ्यात स्वस्त पर्याय होता जुन्या कडप्प्यावरच ग्रॅनाइट चिकटवण्याचा. काम झटपट होतं, मोडतोड नाही. पण उंची आणखी इंचभर वाढली असती आणि दगड भिंतीतच अडकलेला राहिला असता. हा पर्याय लगेच सोडला.

प्लायवुडच्या खोक्यांवर मॉड्युलर ओटा हा सुनेचा विचार होता. कपाटं नेटकी होतात हे खरं. घ्यायचंच तर ओल सोसणारं, आयएस ७१० चिन्हाचं मरीन प्लाय घ्यावं लागतं. पण ज्या घरात उदई एकदा आली आहे आणि ओल अजून पूर्ण गेलेली नाही, तिथे ओट्याचा भार लाकडावर टाकायला मी तयार नव्हतो. तडजोड अशी ठरली की भार कडप्प्याच्या उभ्या पायांवर आणि प्लाय फक्त दारांना.

दगडाबद्दल घरात खरी चर्चा झाली. पांढरा मार्बल सुनेला आवडायचा. मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्साइट, आणि कॅल्साइटला आम्ल चालत नाही. लिंबाचा थेंब रात्रभर राहिला तरी पॉलिश उडून डाग पडतो, हळदीचा पिवळेपणा तर आत उतरतो. दुकानातल्या एका तुकड्यावर लिंबू पिळून आम्ही तो तसाच ठेवला. काही वेळाने पुसला तेव्हा ती जागा निस्तेज झालेली दिसली. सुनेने मार्बल स्वतःहून बाजूला ठेवला.

क्वार्ट्जवर डाग कमी पडतात, रंग एकसारखा मिळतो. पण त्यात दगडाचा चुरा रेझिनने बांधलेला असतो आणि साधारण १५० अंशांच्या पुढे रेझिनला इजा होऊ शकते. आपल्याकडे तापलेला तवा, कढई, पातेलं थेट ओट्यावर येतं. ही सवय मावशींनी बदलावी अशी अपेक्षा धरून ओटा करणं मला पटत नाही. आणखी एक गोष्ट मी मुलाला सांगितली. क्वार्ट्जच्या दगडात सिलिकाचं प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर असू शकतं आणि तो कोरडा कापताना उडणारी बारीक धूळ कारागिराच्या फुप्फुसात कायमची बसते. ऑस्ट्रेलियाने याच कारणाने १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर बंदी घातली. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असते, फक्त प्रमाण कमी. म्हणून दगड कोणताही असो, पाणी मारूनच कापायचा, हे तेव्हाच ठरवून टाकलं.

उरला काळा ग्रॅनाइट. भूशास्त्राच्या हिशोबाने बाजारातले बरेचसे काळे ग्रॅनाइट हे गॅब्रो किंवा डोलेराइट जातीचे, म्हणजे आपल्या डोंगरांतल्या काळ्या बेसाल्टचे खोलवर सावकाश थंड झालेले भाऊबंद. पाणी फार कमी पितात, उष्णता सोसतात, हळद दिसत नाही. तोटा एकच, बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काळ्यावर उठून दिसतात. मावशींनी तो मान्य केला.

भिंतीत घुसवायचं की नाही, हा सगळ्यात मोठा निर्णय. घुसवलं तर मागचे पाय वाचतात आणि सांधा लपतो. सुटा ठेवला तर मागेही आधार लागतो, कडप्पा जास्त लागतो, मजुरी वाढते. अण्णांनी खर्चाचा आकडा विचारला, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तिसऱ्यांदा बुजवायला नको." सुटा ओटा ठरला.

उंचीचा प्रश्न आणि एक पायरी

मावशी चार फूट अकरा इंच, सून पाच फूट पाच इंच. एकच उंची दोघींना सोयीची होणं शक्य नव्हतं. पण मावशींना काम करताना पाहिलं तेव्हा लक्षात आलं की त्यांना त्रास शेगडीपाशी होतो. ओटा ३३ इंच, त्यावर शेगडी चार-पाच इंच, त्यावर पातेलं. वरणात डाव फिरवायला खांदा उचलावा लागायचा. सिंकपाशी उलट होतं. सिंकचा तळ ओट्यापेक्षा आठ इंच खाली, त्यामुळे तिथे वाकावं लागायचं.

म्हणून शेगडीची बाजू ३० इंच आणि सिंकची बाजू ३३ इंच ठेवली. कोपऱ्यात तीन इंचांची पायरी. हा निर्णय पाठीसाठी घेतला, पण त्याचा दुसरा फायदा तेवढाच मोठा निघाला. सिंकची बाजू हलत्या भिंतीलगत होती, शेगडीची बाजू स्थिर भिंतीलगत. एकाच पातळीवर असते तर दोन्ही दगड कोपऱ्यात एपॉक्सीने जोडावे लागले असते आणि पुढची हालचाल त्या जोडावर आली असती. पायरीमुळे दोन्ही दगड एकमेकांपासून सुटे राहिले.

शेगडीखाली १४.२ किलोचा सिलिंडर रेग्युलेटरसकट बसतो का, ते रिकामा सिलिंडर ठेवून पाहिलं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून त्या कपाटाच्या दाराला तळाशी जाळी ठेवली.

काम

पहिलं काम घराबाहेर झालं. फुटका सांधा काढून नवा पीव्हीसी पाइप थेट गटारापर्यंत उतार देऊन नेला. भिंतीलगत अडीच-तीन फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा बाहेरच्या बाजूला उतरता केला, म्हणजे पावसाचं पाणीही पायाशी थांबणार नाही. अण्णांना आधी वाटलं होतं की ओट्याच्या कामात हा खर्च कशाला. पण या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी रक्कम तीच होती असं मी मानतो.

दगड घ्यायला धुळ्याला गेलो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे रस्ते तिथे मिळतात, त्यामुळे राजस्थानचा आणि दक्षिणेचा, दोन्हीकडचा माल पाहायला मिळतो. दगड सावलीत पसंत करायचा नाही, उन्हात बाहेर काढून पाहायचा. नेलपॉलिश काढायच्या द्रवात भिजवलेला पांढरा कापूस एका चकचकीत काळ्या स्लॅबवर घासला तर तो काळा झाला. फिकट दगड रंगवून काळा केलेला होता. दुसऱ्या स्लॅबवर कापूस पांढरा राहिला. तिला मागून पाणी मारलं. वाळताना तडा असेल तर तिथे ओली रेघ मागे राहते, इथे राहिली नाही. ठोकून पाहिलं, आवाज सगळीकडे खणखणीत आला, कुठे बद्द नाही. जाडी १८ मिलिमीटर. हीच घेतली.

माप मात्र लगेच दिलं नाही. मिस्त्री फुटपट्टीने लांबी-रुंदी लिहून द्यायला तयार होते. आधी कडप्प्याचे पाय उभे करू, मग माप घेऊ, असं मी सांगितलं. पाय उभे झाल्यावर पुठ्ठ्याचा फर्मा कापला, तेव्हा कळलं की भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाहीत, पाच फुटांत जवळजवळ पाच सूत फरक होता. फुटपट्टीच्या मापावर दगड कापला असता तर कोपऱ्यात अंगठा जाईल एवढी फट पडली असती.

पाय साधारण दोन-दोन फुटांवर आणि सिंकच्या दोन्ही बाजूंना कापाच्या अगदी जवळ एकेक. मागची बाजूही पायांवरच, भिंतीपासून अर्धा इंच सुटी. त्यांवर एक इंच जाडीचा कडप्पा पसरला आणि त्यावर ग्रॅनाइट. एप्रिलच्या उन्हात सिमेंट पाणी धरत नाही. मिस्त्रींना दुसऱ्याच दिवशी दगड चढवायचा होता. ओली पोती गुंडाळून पायांना आठवडाभर पाणी मारायचं ठरलं, आणि अखाजी जवळ येत असूनही अण्णांनी ते पाळलं.

सिंकचा काप कुठे करायचा, यावर बरीच चर्चा झाली. दुकानात यंत्रावर, पाण्याखाली स्वच्छ कापून मिळतो. पण कापलेला दगड टेम्पोतून आणताना पुढची पट्टी हमखास धोक्यात येते. जागेवर कापला तर दगड सुरक्षित, पण घरभर धूळ आणि मिस्त्रींच्या छातीत तीच. मधला मार्ग काढला. दगड अखंड, उभा धरून आणला आणि अंगणात वाळूच्या पोत्यांवर आडवा ठेवून कापला. आधी चारही कोपऱ्यांना गोल भोकं पाडली, मग एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत कटर चालवला. एक जण सतत पाणी ओतत होता, कापणाऱ्याने मास्क लावला होता. पुढची पट्टी तीन इंच ठेवली. उचलण्याआधी तिच्यावर लाकडी रीप शिकंज्याने आवळली. सिंककडचा दगड सत्तर किलोच्या आसपास, चार जणांनी उभा धरूनच आत नेला.

बसवताना मिस्त्रींनी मसाल्याचे पाच ठिकाणी गोळे टाकले. ही पद्धत जागोजाग दिसते, पण गोळ्यांमधली पोकळी राहते आणि खलबत्त्याचा घाव नेमका पोकळीवर बसला की दगड जातो. दगड टेकण्याआधीच थांबवून सगळीकडे दातेरी थापीने अ‍ॅडेसिव्ह पसरायला लावलं. बसल्यावर लाकडी हातोडीने ठोकून आवाज तपासला. सिंककडे दोन सूत उतार दिला. पुढच्या कडेखाली एक बारीक खाच मारून घेतली, त्यामुळे ओघळणारं पाणी तिथेच सुटून खाली पडतं, दारांवर जात नाही.

मागे भिंत आणि दगड यांच्यात दोन सुतांची फट सोडली. डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या, टाइल्स दगडाला टेकू न देता किंचित वरून सुरू केल्या. टाइल आणि तिच्यामागचा अ‍ॅडेसिव्ह मिळून जी जाडी होते तिनेच फट वरून झाकली गेली, आणि टाइलच्या खालची रेघ सिलिकॉनने भरली. तिथे सिमेंट किंवा ग्राउट वापरायचं नाही, कारण हालचाल झाली तर ती जागा ताणली गेली पाहिजे.

खापर आणि भरीत ठेचायची बडगी यांच्यासाठी मागच्या ओसरीत शहाबादी फरशीचा एक बुटका ओटा वेगळा केला. ग्रॅनाइट उष्णता सोसतो, पण तापलेल्या जागी गार पाणी पडलं तर त्यालाही तडा जाऊ शकतो, आणि मांडे करताना पाण्याचा हात सतत चालू असतो.

निष्पत्ती

अखाजीचा स्वयंपाक नव्या ओट्यावर झाला, मांडे ओसरीत. मावशींनी शेगडीच्या उंचीबद्दल समाधान सांगितलं. सुनेला कोपऱ्यातली पायरी पोळ्या लाटताना अडचणीची वाटते, आणि तिचं म्हणणं बरोबर आहे. तिथे पीठही साचतं.

खरी परीक्षा पावसाळ्यात होती. गणपतीच्या सुमारास मी पुन्हा गेलो. खिडकीखाली वीतभर लांबीत सिलिकॉन टाइलपासून सुटलं होतं. दगडावर तडा नव्हता, सिंकच्या कोपऱ्यांनाही काही नव्हतं. लेव्हल पाइप लावली, दोन्ही दगड बसवले तेव्हा होते तसेच होते. भिंत मात्र हलली होती. दिवाळीनंतर सुटलेलं सिलिकॉन ब्लेडने काढून नव्याने भरलं.

काळ्यावर पांढरे डाग येऊ लागले आहेत. घरात कुणीतरी ते बाथरूमच्या ऍसिडने काढायला निघालं होतं, मावशींनी अडवलं. भांडी झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसणं एवढंच त्यावर चालतं.

पुन्हा करायचं तर

ओटा एका पावसाळ्यानंतर केला असता. आधी पाइप दुरुस्त करायचा, भिंतीच्या फटीवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवायची आणि वर्षभर पाहायचं. भिंत अजून हलत असेल तर काच तडकते, नसेल तर शाबूत राहते. अखाजीची तारीख धरल्यामुळे ते झालं नाही. दगड सुटा ठेवल्यामुळे नुकसान झालं नाही, पण मार्च-एप्रिलमध्ये जमीन आकसलेली असताना सिलिकॉन भरलं गेलं. तात्पुरतं भरून पक्कं भरणं दिवाळीनंतरसाठी राखून ठेवायला हवं होतं.

पायरी मी आजही ठेवेन, पण ती कोपऱ्यात न ठेवता शेगडीकडे फूटभर सरकवेन. त्यामुळे उंच बाजूला पोळ्या लाटायला सलग जागा मिळेल. त्यासाठी छोटा दगड आणखी छोटा करावा लागेल आणि खाली एक पाय जास्त येईल. हे सुनेला दाखवण्यासाठी काम सुरू होण्याआधी जमिनीवर खडूने आखून, विटा रचून दोघींना उभं करून पाहायला हवं होतं. ती तेव्हा पुण्यात होती आणि सगळे निर्णय फोनवरच्या फोटोंवरून झाले.

मिस्त्रींनी त्यानंतर त्याच गावात दुसऱ्या एका घरी ओटा केला. तिथली भिंत ठणठणीत होती, तरी त्यांनी आधी बाहेर जाऊन मोरीचा पाइप पाहिला आणि दगड दोन सूत सुटा ठेवला.